घरापासून दूर, कायम जोडीनं

अमेरिकेतल्या युटा राज्यात एखाद्या मॉर्मन घरी मुलाला ‘कॉल’, म्हणजे मिशनवर, धर्मप्रचाराला जाण्याचं बोलावणं आलं, की संध्याकाळी घर माणसांनी भरून जातं. आजी-आजोबा येतात, चुलत-मावस भावंडं येतात, शाळेतले मित्र जमिनीवरच बैठक मारतात, लांबचे नातेवाईक व्हिडिओवर हजर असतात. मुलगा कुठे जाणार याचे अंदाज आधीपासून चाललेले असतात. काही घरांत तर भिंतीवर जगाचा नकाशा लावून जो तो आपल्या अंदाजाची टाचणी टोचतो. मग मुलगा सगळ्यांसमोर पत्र उघडतो आणि मोठ्यानं वाचतो. पुढची दोन वर्षं आपण कुठल्या देशात राहणार, कुठली भाषा बोलणार, हे त्यालाही त्याच क्षणी कळतं. पूर्वी हे पत्र जाडजूड पांढऱ्या लिफाफ्यातून टपालानं यायचं; २०१८ च्या सुमारास ते ऑनलाइन यायला लागलं. आरडाओरडा, टाळ्या आणि आईचं डोळे पुसणं मात्र तसंच राहिलं.

जागा मागून मिळत नाही. अर्जात शिक्षण, प्रकृती, भाषेची आवड हे सगळं लिहायचं असतं. पण ‘मला इटलीला पाठवा’ असं लिहिण्याची सोय नाही. सॉल्ट लेक सिटीच्या मुख्यालयातल्या बारा ‘प्रेषितां’पैकी एक जण प्रत्येक अर्ज पाहून नेमणूक ठरवतो, आणि ही नेमणूक ईश्वरी प्रेरणेनं होते अशी श्रद्धाळूंची भावना असते. एका भावाला ब्राझील मिळतं, दुसऱ्याला फिलिपाइन्स, तिसऱ्याला शेजारचंच आयडाहो. तिघांनीही सारख्याच आनंदानं जावं, अशी अपेक्षा असते.

ज्याला जग मॉर्मन पंथ म्हणून ओळखतं, त्या चर्चचं पूर्ण नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. ‘मॉर्मन’ हे नाव या पंथाच्या ‘बुक ऑफ मॉर्मन’ या धर्मग्रंथावरून पडलं. २०१८ पासून आपल्याला पूर्ण नावानंच ओळखावं असा चर्चचा आग्रह आहे. आज जगभरात त्याचे १ कोटी ७५ लाखांहून अधिक सदस्य आहेत. २०२४ च्या अखेरीस पूर्णवेळ धर्मप्रचार करणारे मिशनरी ७४ हजारांच्या घरात होते आणि त्यांच्यासाठी जगाचे ४५० विभाग, म्हणजे ‘मिशन’, पाडलेले होते. यातले बहुसंख्य विशीच्या आसपासचे. मुलग्यांनी दोन वर्षं द्यायची, मुलींनी दीड वर्ष. मुलग्यांसाठी ते धार्मिक कर्तव्य समजलं जातं, मुलींसाठी ऐच्छिक. पगार कुणालाच नाही.

पगार नाही एवढंच नव्हे, खर्चही घरूनच करायचा. पूर्वी तो ज्या देशात जायचं तिथल्या महागाईप्रमाणे असे. जपानला गेलेल्या मुलाच्या घरावर मोठा बोजा पडे आणि स्वस्त देशात गेलेल्याचं सहज निभावे. १९९१ पासून अमेरिकी कुटुंबांसाठी सारखी मासिक रक्कम ठरवण्यात आली. अनेक वर्षं ती ४०० डॉलर होती. २०१९ मध्ये चर्चनं ती ५०० वर नेत असल्याचं जाहीर केलं. म्हणून लहानपणापासून मुलाच्या नावानं ‘मिशनचा डबा’ भरत राहतो. पुढे चर्चचे अध्यक्ष झालेले गॉर्डन हिंकली १९३३ मध्ये इंग्लंडला निघाले, तेव्हा अमेरिका महामंदीत होरपळत होती. त्यांची आई तीन वर्षांपूर्वीच गेली होती; पण किराणा आणताना उरलेली चिल्लर ती मुलांच्या मिशनसाठी वर्षानुवर्षं बाजूला टाकत आली होती, हे नंतर कळलं. मुलगा इंग्लंडला गेला त्यात त्या चिल्लरीचा वाटा होता.

कॉलमध्ये दिलेल्या तारखेला मुलगा प्रशिक्षण केंद्रात दाखल होतो. सर्वांत मोठं केंद्र युटामधल्या प्रोव्हो गावात, ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीला लागून आहे. इथे पन्नासहून अधिक भाषा शिकवल्या जातात. भाषा नवी नसेल त्याला जेमतेम तीन आठवडे मिळतात. नवी भाषा शिकायची असेल तर सहा ते नऊ आठवडे. करोनानंतर यातला पहिला भाग घरी बसून ऑनलाइन होतो. शिकवणारे बहुतेक जण त्या त्या देशातून नुकतेच परतलेले तरुण मिशनरीच असतात. पहिल्याच दिवसांत मोडक्यातोडक्या नव्या भाषेत प्रार्थना करायला लावतात. व्याकरण पक्कं होण्याची वाट कुणी बघत नाही. नऊ आठवड्यांत कोरियन किंवा फिनिश येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण दार वाजवून दोन वाक्यं बोलण्याइतकी हिंमत येते. उरलेली भाषा रस्ता, बाजार आणि लोकांची दुरुस्ती शिकवते.

इथेच मुलाचं पहिलं नाव मागे पडतं. मुलगा ‘एल्डर’ होतो, मुलगी ‘सिस्टर’, आणि पुढे फक्त आडनाव. छातीवर काळी नावपट्टी. पांढरा शर्ट, गडद पँट, टाय ही ओळख जगभर ठरून गेलेली आहे. अलीकडे त्यात थोडा सैलपणा आला: २०१८ च्या अखेरीस मुलींना पँट घालायची परवानगी मिळाली, २०२० मध्ये मुलग्यांना निळा शर्ट चालेल असं ठरलं आणि काही भागांत टायची सक्तीही गेली.

दिवस सकाळी साडेसहाला सुरू होतो. व्यायाम, आंघोळ, न्याहारी, मग धर्मग्रंथांचं वाचन आणि भाषेचा अभ्यास. दहाच्या सुमारास घराबाहेर. मग रात्री नऊ-साडेनऊपर्यंत बाहेरच: दारं ठोठावणं, रस्त्यावर लोकांना थांबवणं, ठरलेल्या घरी जाऊन शिकवणं, कुणाचं सामान हलवायला मदत करणं, कुणाच्या शेतात राबणं. जपान, कोरिया, तैवान अशा देशांत इंग्रजीचे मोफत वर्ग घेणं हेही ठरलेलं काम आहे. साडेदहाला दिवे बंद. २०१७ पासून वेळापत्रकात स्थानिक गरजेप्रमाणे थोडा बदल करता येतो. पण चौकट तीच. सिनेमा नाही, टीव्ही नाही, मनात येईल ते गाणं ऐकणं नाही. प्रेमप्रकरण तर नाहीच. आठवड्यातून एक दिवस ‘पी-डे’, म्हणजे तयारीचा दिवस, बहुधा सोमवार. त्या दिवशी कपडे धुवायचे, केस कापायचे, बाजार करायचा, बास्केटबॉल खेळायचा आणि घरी पत्र लिहायचं. संध्याकाळी पुन्हा काम.

घरच्यांशी बोलण्याचा नियम अगदी अलीकडेपर्यंत फार कडक होता. वर्षातून दोनदा फोन: नाताळला आणि मातृदिनाला. एरवी आठवड्याचं पत्र, नंतर ईमेल. दोन वर्षांत चार फोन! फेब्रुवारी २०१९ मध्ये चर्चनं हा नियम बदलला आणि दर आठवड्याच्या पी-डेला घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करायला परवानगी दिली. जुन्या मंडळींपैकी काहींना वाटलं, यामुळे मुलांचं मन घराकडेच ओढलं जाईल. पण एकोणीस वर्षांच्या मुलाला परक्या देशात आजारपणात आईचा आवाज ऐकू न देण्यात कुठलीही साधना नव्हती. हा बदल आणखी वीस वर्षं आधी व्हायला हवा होता.

मिशनची खरी कसोटी दारावरचा नकार ही नव्हे. ती आहे ‘कम्पॅनियन’, म्हणजे जोडीदार. मिशनरी कधीच एकटा नसतो. दुसरा डोळ्यांना दिसला पाहिजे आणि त्याचा आवाज ऐकू आला पाहिजे, असा नियम आहे. एकाच खोलीत झोपायचं, एकत्र जेवायचं, एकत्र चालायचं. एकाला दवाखान्यात जायचं असेल तर दुसऱ्यानं बाहेर बाकावर बसायचं. अंघोळीची खोली सोडली तर एकांत जवळपास नाहीच. आणि हा जोडीदारही निवडता येत नाही. दर सहा आठवड्यांनी ‘ट्रान्स्फर’ची वेळ येते; मिशनचे अध्यक्ष, म्हणजे पत्नीसह तीन वर्षांसाठी आलेले मध्यमवयीन गृहस्थ, कुणाची जोडी कुणाशी आणि कुठल्या गावात हे ठरवतात. फोन आला की दोन बॅगा भरायच्या आणि निघायचं. युटाच्या डॉक्टरचा मुलगा आणि टोंगाच्या मच्छीमाराचा मुलगा फिलिपाइन्समधल्या एका खोलीत आयुष्यात पहिल्यांदा भेटतात, आणि उद्या सकाळपासून त्यांना एकमेकांशिवाय पाऊल टाकता येत नाही, असं या व्यवस्थेत सहज घडतं.

यातून काय काय होतं, ते परतलेल्या मिशनऱ्यांच्या गप्पांत ऐकावं. एकाला पहाटे व्यायामाचा उत्साह, दुसरा उठतच नाही. एक नियमाचा काटेकोर, दुसरा दुपारी झोप काढू पाहणारा. एक बोलका, दुसरा दिवसभर गप्प. भांडून खोलीबाहेर निघून जायची सोय नाही, कारण बाहेरही दोघांनीच जायचं. नवख्याला ‘ग्रीनी’ म्हणतात. त्याच्याबरोबर दिलेला जुना मिशनरी त्याचा ‘ट्रेनर’, आणि मिशनरींच्या बोलीत तो त्याचा ‘बाप’. परतीची तारीख जवळ येऊन ज्याचं मन घराकडे लागलं तो ‘ट्रंकी’, ट्रंक भरून बसलेला. घरी वाट बघणाऱ्या मैत्रिणीनं दुसऱ्याशी लग्न ठरवल्याचं कळवलं, तर ते ‘डिअर जॉन’ पत्र. ते वाचणाऱ्याला त्या रात्री सावरायला त्याच्या खोलीत एकच माणूस असतो, कदाचित न पटणारा. आयुष्यभराच्या मैत्र्या अशा रात्रींतून झाल्या आहेत. लग्नाआधी दुसऱ्या माणसाशी जमवून घेण्याचं एवढं सक्तीचं शिक्षण जगात दुसरीकडे क्वचितच मिळत असेल.

दारावरचे नकार मात्र रोजचे. शहाणे मिशनरी म्हणतात, दार आपटून बंद होण्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते प्रेमानं आत घेणाऱ्या माणसानं तिसऱ्या भेटीत ‘आता येऊ नका’ म्हटल्यावर. आदरातिथ्याचीही अडचण असते. जोसेफ स्मिथ यांच्या १८३३ मधल्या शिकवणीनुसार दारू, तंबाखू, कॉफी आणि चहा या पंथात वर्ज्य. पाहुण्याला चहा देणं हाच जिथे सभ्यतेचा पहिला नियम आहे, त्या देशांत तो नाकारणं म्हणजे यजमानाचा अपमान. मग समजूत काढायची, पाणी मागायचं आणि तरी संभाषण चालू ठेवायचं, ही कला लवकर शिकावी लागते.

एवढ्या खटाटोपातून हाती काय येतं? २०२४ मध्ये चर्चनं सुमारे ३ लाख ८ हजार नव्या सदस्यांचा बाप्तिस्मा झाल्याचं जाहीर केलं. मिशनरींच्या संख्येनं भागलं तर माणशी वर्षाला चार. ही सरासरी आफ्रिका, लॅटिन अमेरिका, फिलिपाइन्स यांच्यामुळे आहे. युरोपातल्या अनेक शहरांत दोन वर्षं सायकल चालवून एखाद-दुसरा माणूस मिळाला तरी भाग्य समजतात, आणि जे येतात त्यांतलेही पुष्कळ पुढे चर्चला येईनासे होतात. केवळ माणसं जमवण्याचं साधन म्हणून पाहिलं तर ही व्यवस्था अतिशय खर्चिक आहे. तरी ती जवळजवळ दोनशे वर्षं टिकली, कारण तिच्यातून सर्वांत पक्का मॉर्मन कोण होत असेल तर तो स्वतः मिशनरी. ज्या गोष्टीवर आपण हजारदा नकार ऐकला आणि तरी पुन्हा दार ठोठावलं, ती गोष्ट माणूस सहजासहजी सोडत नाही.

सुरुवातीच्या काळात मिशनरी बहुधा लग्न झालेले, पोरंबाळं असलेले पुरुष असत. १८३७ मध्ये पहिली तुकडी समुद्र ओलांडून इंग्लंडच्या प्रेस्टन शहरात पोचली, तेव्हा ती मंडळी बायकामुलांना मागे ठेवूनच गेली होती. तरुण, अविवाहित मिशनरी हे विसाव्या शतकाचं चित्र. पण त्याआधीचं एक पोर या सगळ्यांत उठून दिसतं.

जोसेफ एफ. स्मिथ हा संस्थापक जोसेफ स्मिथ यांचा पुतण्या. तो पाच वर्षांचा असताना, १८४४ मध्ये, इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावानं त्याचे वडील आणि काका दोघांनाही गोळ्या घातल्या. १८५२ मध्ये आई गेली. १८५४ मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्याला हवाई बेटांवर मिशनसाठी पाठवण्यात आलं. जहाजाच्या भाड्याला पैसे नव्हते. ते त्यानं आणि सोबत्यांनी कॅलिफोर्नियात मजुरी करून मिळवले. माउई बेटावर पोचल्यावर तो तापानं आडवा झाला. तेव्हा एका हवाईयन बाईनं त्याला पोटच्या मुलासारखं सांभाळलं. शंभरेक दिवसांत तो हवाईयन भाषेत बोलू लागला. पुढे आगीत त्याचे कपडे आणि पुस्तकं जळून गेली. तो आणि त्याचा सोबती यांच्यात मग एकच धड पोशाख उरला; एक जण तो घालून सभेला जाई तेव्हा दुसरा अंथरुणात पडून राही. तीन वर्षांहून अधिक काळ तो तिथे राहिला. १९०१ मध्ये तो चर्चचा अध्यक्ष झाला. पुढे पुन्हा हवाईला गेला असताना गर्दीत एक आंधळी, जख्ख म्हातारी हातात निवडक केळी घेऊन त्याचं हवाईयन नाव पुकारत आली: योसेपा, योसेपा. तापात सांभाळणारी तीच बाई होती. या पंथाशी ज्यांचं काही देणंघेणं नाही त्यांनीही ही हकिकत वाचावी. परक्या मुलाला जगवणाऱ्या लोकांचं मोल धर्मप्रचाराच्या इतिहासात नेहमीच कमी नोंदलं जातं.

जॉन ग्रोबर्ग हा आयडाहोचा तरुण १९५४ मध्ये टोंगाला गेला. निउआटोपुटापू नावाच्या दूरच्या बेटावर त्याला नेमलं होतं. तिथे झोपेत उंदरांनी त्याच्या तळपायांची कातडी कुरतडली. वादळानं पीक गेलं आणि जहाज वेळेवर न आल्यानं सगळं बेट उपाशी राहिलं. त्याच्या आठवणींवर २००१ मध्ये ‘द अदर साइड ऑफ हेवन’ हा चित्रपट निघाला. इंग्लंडच्या प्रेस्टन शहरात सगळं सोपं होतं असंही नाही. वर सांगितलेले हिंकली तिथे बाजाराच्या चौकात उभं राहून भाषण देत आणि लोक टर उडवत. खचून जाऊन त्यांनी वडिलांना लिहिलं की माझा वेळ आणि तुमचे पैसे वाया चाललेत. वडिलांचं उत्तर एका ओळीचं होतं: स्वतःला विसर आणि कामाला लाग. हिंकली ही गोष्ट म्हातारपणीही सांगत.

अमेरिकी राजकारणातले मिट रॉम्नी १९६६ मध्ये एकोणिसाव्या वर्षी फ्रान्सला गेले. परभाषक देशांतलं मिशन तेव्हा अडीच वर्षांचं असे. व्हिएतनाम युद्धामुळे फ्रेंच लोक अमेरिकनांवर चिडलेले. त्यात दारू न पिणाऱ्या धर्माचा प्रचार वाइनच्या देशात करायचा. जून १९६८ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या रस्त्यावर समोरून आलेल्या गाडीशी त्यांच्या गाडीची टक्कर झाली. चालवत होते रॉम्नी. गाडीतल्या मिशन अध्यक्षांच्या पत्नी त्यात गेल्या आणि रॉम्नीही मेले असं समजून पोलिसानं त्यांच्या पासपोर्टवर तशी नोंद केली. शुद्धीवर आल्यावर, एकविसाव्या वर्षी, त्यांना शोकात बुडालेल्या मिशनचा कारभार सावरायला हातभार लावावा लागला. त्या काळात घरी त्यांची वाट बघणारी मैत्रीण अ‍ॅन दुसऱ्या मुलामध्ये मन गुंतत असल्याचं कळवत होती. तरी डिसेंबरमध्ये ते परतले तेव्हा ती विमानतळावर आली आणि तीनच महिन्यांत दोघांचं लग्न झालं.

महाराष्ट्राशीही या इतिहासाचा एक धागा जुळलेला आहे, आणि तो फारसा कुणाला माहीत नाही. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरला. मुंबईच्या वृत्तपत्रांनी आणि इतर पाद्र्यांनी त्याच्यावर टीकेची झोड उठवली. तो पुण्याला गेला. तिथे ब्रिटिश शिपाई आणि त्यांच्या आसपासच्या लोकांत त्याला थोडे श्रोते मिळाले, एक छोटी शाखाही उभी राहिली. पण लष्करी अधिकाऱ्यांना कॅन्टोन्मेंटमध्ये हा माणूस नको होता. मराठी लोकांना उद्देशून ईश्वर आणि धर्म यांवरची एक पुस्तिका त्यानं मुंबईत १८५५ मध्ये छापली. त्या काळात मॉर्मन मिशनरी खिशात पैसे न ठेवता, लोक देतील त्यावर जगत हिंडत. अमेरिकेच्या खेड्यांत हे जमलं; हिंदुस्थानात भाषा, अंतरं, जातीपातींचे नियम आणि गोऱ्या साहेबांची नाराजी यांपुढे ते टिकलं नाही. शिवाय ऑगस्ट १८५२ मध्येच चर्चनं बहुपत्नीत्वाची शिकवण जाहीरपणे मान्य केली होती आणि ती बातमी मिशनरींच्या पुढे धावत होती. त्या प्रथेपासून चर्चनं १८९० मध्ये माघार घेतली. १८५० च्या दशकातच भारतातला तो पहिला प्रयत्न संपला. पुढे १९९३ मध्ये बंगळूरला आणि २००७ मध्ये नवी दिल्लीला मिशन सुरू झालं. भारतातला पहिला ‘स्टेक’, म्हणजे अनेक शाखा मिळून होणारा विभाग, हैदराबादला २०१२ मध्ये उभा राहिला, आणि बंगळूरच्या मंदिराची घोषणा २०१८ मध्ये झाली.

मुलींचं मिशनवर जाणं १८९८ मध्ये सुरू झालं. आयनेझ नाइट आणि जेनी ब्रिमहॉल या दोन अविवाहित तरुणी त्या वर्षी इंग्लंडला गेल्या. मॉर्मन बायका म्हणजे बहुपत्नीत्वाच्या कैदी अशी तिथे समजूत होती. या दोघी व्यासपीठावर उभ्या राहून स्वतःबद्दल बोलल्या, तेव्हा ऐकायला गर्दी झाली. तरीही पुढची शंभर वर्षं मुलींना लग्न हाच पहिला मार्ग सांगितला जाई, आणि नंतरच्या काळात मिशनसाठी २१ वर्षं पुरी होईपर्यंत थांबावं लागे. ऑक्टोबर २०१२ मध्ये अध्यक्ष थॉमस मॉन्सन यांनी मुलग्यांसाठी वय १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ केल्याचं जाहीर केलं. मुलींचे अर्ज धडाधड येऊ लागले. तेव्हा सुमारे ५८ हजार असलेले मिशनरी पुढच्या वर्षाच्या अखेरीस ८३ हजारांवर गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुलींसाठीही वय १८ करण्यात आलं. वयाच्या एका आकड्यानं पंथातल्या मुलींचं आयुष्य जेवढं बदललं, तेवढं कुठल्याही प्रवचनानं बदललं नसेल: लग्नाआधी परदेश, परभाषा आणि स्वतःच्या पायावर दीड वर्ष.

परतलेल्यांना ‘आर. एम.’, म्हणजे ‘रिटर्न्ड मिशनरी’, म्हणतात आणि युटात त्यांना मान असतो. लेखक स्टीफन कव्ही इंग्लंडला गेले होते. हार्वर्डचे प्राध्यापक क्लेटन ख्रिस्टेन्सन दक्षिण कोरियात, जेटब्लू या विमान कंपनीचे संस्थापक डेव्हिड नीलमन ब्राझीलमध्ये. नीलमन यांनी पुढे त्याच ब्राझीलमध्ये अझुल ही विमान कंपनी काढली. ‘अमेरिकन आयडॉल’मुळे घरोघरी पोचलेला गायक डेव्हिड आर्चुलेटा कारकीर्द ऐन भरात असताना २०१२ मध्ये सगळं थांबवून दोन वर्षं चिलीला गेला; नंतर तो चर्चपासून दूर झाला, तेही त्यानं जाहीरपणे सांगितलं. परकी भाषा, नकार पचवण्याची सवय आणि अनोळखी माणसाशी बोलण्याची धिटाई ही शिदोरी विक्रीपासून परराष्ट्र सेवेपर्यंत सगळीकडे उपयोगी पडते.

सॉल्ट लेक सिटीच्या नव्या विमानतळावर परतणाऱ्या मिशनऱ्यांचं स्वागत करायला येणाऱ्या कुटुंबांसाठी मुद्दाम मोठं दालन ठेवलं आहे. फुगे, फलक, लहान भावंडांच्या किंकाळ्या. पण सगळेच असे परतत नाहीत. काही जण चौथ्या महिन्यात येतात, काही दहाव्या; आजारपणानं, नैराश्यानं, चिंतेच्या झटक्यांनी, कधी श्रद्धाच डळमळल्यानं. त्यांच्यासाठी फलक नसतो. युटा व्हॅली युनिव्हर्सिटीत अशा लवकर परतलेल्यांचा अभ्यास झाला, तेव्हा आपण हरलो ही भावना त्यांच्यात फार मोठ्या प्रमाणावर आढळली. चर्चमध्ये लोक कुजबुजतात, लग्नाच्या बाजारात प्रश्न विचारले जातात, बाप मुलाच्या डोळ्यांत बघत नाही. मार्च २०२० मध्ये करोनामुळे हजारो मिशनरी एकदम घरी आणावे लागले, तेव्हा पहिल्यांदाच लवकर परतणं ही सार्वत्रिक गोष्ट झाली आणि या विषयावर थोडं मोकळेपणानं बोललं जाऊ लागलं. मिशनकडे आता समुपदेशकांची मदत असते, आणि प्रकृतीमुळे बाहेर जाता येत नसेल त्यांना घरी राहून अन्नछत्रात, रुग्णालयात, शाळेत सेवेचं मिशन करता येतं. ही दिशा योग्य आहे, पण अजून फार पल्ला बाकी आहे.

धोकेही खरे आहेत. १९८९ मध्ये बोलिव्हियाच्या ला पाझ शहरात दोन तरुण मिशनरींना अतिरेक्यांनी गोळ्या घालून मारलं. मार्च २०१६ मध्ये ब्रसेल्स विमानतळावरच्या बॉम्बस्फोटात मिशनरी जखमी झाले. त्याच वर्षी रशियानं धर्मप्रचारावर निर्बंध आणले, तेव्हापासून तिथे या तरुणांना ‘स्वयंसेवक’ म्हणतात आणि रस्त्यावर धर्माविषयी बोलता येत नाही. रस्ते अपघात आणि आजारपण यांची भीती तर सगळीकडेच.

अठरा वर्षांच्या मुलाकडून एवढं मागणाऱ्या समाजानं त्याला दोन गोष्टी तरी द्यायला हव्यात: ‘मला जायचं नाही’ म्हणण्याची मुभा, आणि गेल्यावर ‘मला जमत नाही’ म्हणून मान खाली न घालता परत येण्याची वाट. चर्चनं फोनचा नियम बदलला, कपड्यांचा बदलला, वयाचा बदलला. हा बदल मात्र मुख्यालयाच्या पत्रानं होणार नाही. तो घरोघरीच्या बापांना आणि आयांना करावा लागेल.

आणि वाचकांपैकी जे परदेशी राहतात, त्यांच्या दाराशी किंवा रेल्वे स्थानकावर कधी ना कधी काळी नावपट्टी लावलेले दोघं येतीलच. धर्मावर बोलायचं नसेल तर तसं स्पष्ट सांगावं. त्यांना नकाराची सवय असते, टाळाटाळीनं मात्र त्यांचा दिवस वाया जातो. चहा विचारू नये, पाणी किंवा सरबत विचारावं. घर कुठलं, आणि इथं येऊन किती महिने झाले, एवढी चौकशी जरूर करावी.